आईच्या रंगाची कोलंबाइन

मी कोलंबाइन बोलतेय. माझी फुलं मान खाली घालून उमलतात, म्हणून मला गरीब गाय समजू नका. मान खाली असली तरी मला सगळं दिसतं, आणि कान तर चांगलेच तिखट आहेत. आता मी जे सांगणार आहे ते तक्रार म्हणून ऐका, रडगाणं म्हणून ऐका, तुमची मर्जी. पण ऐका. ज्या बाईने मला स्वतःच्या हाताने वाढवलं, तिनेच माझ्यावर खोटं बालंट आणलंय, आणि माझ्या बाजूने बोलायला इथे दुसरं कुणी नाही.

माझी मालकीण शिंपीण आहे. घर तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीत तिचं शिवणयंत्र, आणि त्या खिडकीखाली चार पावलं लांब, दोन पावलं रुंद असा मातीचा तुकडा. त्याला ती बाग म्हणते. नवरा किल्ल्या बनवतो, चौकात त्याचं एवढंसं दुकान आहे. घरात दोघंच. दिवसभर मशीनची खडखड चालू, गिऱ्हाईक येणार, कुणाची पँट सैल करायची, कुणाच्या कोटाचं अस्तर बदलायचं, आणि मध्येच दोन मिनिटं मिळाली की ही बाई हातातली कात्री तशीच घेऊन बागेत.

ही धाकटी. हिची थोरली बहीण पाच तासांच्या अंतरावर दुसऱ्या गावात राहते. ती शाळेत भूगोल शिकवायची, आता निवृत्त झाली आहे. त्याच शाळेत या दोघींची आई पूर्वी शिवणकाम शिकवायची. शाळेच्या फाटकापाशी आईने कोलंबाइनचा एक वाफा केला होता. त्या फुलांचा रंग वांग्याच्या सालीसारखा गर्द जांभळा, आणि आतल्या पाकळ्यांना पांढरी कड, बारीक पायपिंग लावल्यासारखी. सगळी शाळा त्याला ‘बाईंचं फूल’ म्हणायची. आई गेली, पुढे वाफ्यावर सिमेंट ओतून सायकली लावायची जागा झाली. थोरलीने तेवढं बी वाचवून आपल्या अंगणात वाढवलं. मग तेही घर सुटलं, ती तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली, आणि उरलेलं बी तिने एका पाकिटात घालून धाकटीच्या हातात दिलं. त्या पाकिटात मी होते.

“चिमे, हे शेवटचं आहे,” थोरली म्हणाली. चिमी हे शिंपिणीचं घरातलं नाव. “तीन गोष्टी लक्षात ठेव. एक, महिनाभर फ्रीजमध्ये ठेव, थंडी लागल्याशिवाय हे उठत नाही. दोन, मातीत पुरू नकोस, वरच टाक, याला उजेड लागतो. आणि तीन, आजूबाजूला दुसऱ्या रंगाची कोलंबाइन अजिबात लावायची नाही. झाड असतं त्याचा रंग मरेपर्यंत तोच राहतो, पण मधमाश्या इकडचं तिकडे करतात आणि बियांतून पुढची पिढी भलत्याच रंगाची निघते. मग आईचा रंग गेलाच म्हणून समज.”

“एवढं कळतं गं मला,” शिंपीण म्हणाली.

“तुला कळतं, पण तुझ्या हातून राहत नाही. लहानपणापासून धांदरट तू.”

“ताई, आईची शपथ घेऊन सांगते. दुसरा रंग या मातीत यायचा नाही.”

हे मी पाकिटात बसून ऐकलं. शपथ माझ्या अंगावर घेतली होती असं म्हटलं तरी चालेल.

महिनाभर मी अंड्यांच्या शेजारी गारठून पडले होते. बाहेर काढलं आणि पहिल्याच दिवशी या बाईने घोळ घातला. शिंपिणीचा हात तो, कुठलीही कड आत दुमडल्याशिवाय तिला चैन पडत नाही. अर्ध्याहून जास्त बी तिने बोटभर खोल नीट रांगेत पुरलं आणि वरून माती थोपटली. वाट बघितली, बघितली, एक कोंबसुद्धा नाही. फोनवर थोरलीची बोलणी खाल्ली, आणि मग उरलेले दहा-बारा दाणे श्वास रोखून मातीवर नुसते ठेवले. मोहरीहून बारीक, काळे कुळकुळीत आम्ही. त्यातले काही पक्ष्यांनी नेले, काही झारीच्या पाण्याने वाहून गेले. उगवले मी एकटी.

ती माझ्याशेजारी मातीत चक्क पालथी पडून बघत होती. “आलीस गं बाई,” म्हणाली. माझी दोन पानं तिच्या नखापेक्षा लहान होती, आणि तिने त्यांच्यावर आपल्या तळहाताची सावली धरली होती. खोटं का बोलू, त्या दिवसापासून मी तिची झाले.

पहिल्या वर्षी आम्ही फुलत नाही. नुसती पानं काढतो आणि मूळ खाली खाली घालतो, सरळ, गाजरासारखं. एकदा ते मूळ रुजलं की आम्हाला हलवायचं नसतं, मूळ तुटलं की खेळ खलास. तिला हे माहीत होतं. नवऱ्याला काहीच माहीत नव्हतं. एके सकाळी तो चहाचा कप घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, “अगं, कोथिंबीर छान आलीये की! चार काड्या तोडू का आमलेटात?”

शिंपीण आतून ओरडत आली, “हात लावाल तर याद राखा! विष असतं त्यात!”

“मग विष कशाला लावलंस खिडकीखाली?” बिचारा घाबरून आत गेला. त्यानंतर तो माझ्यापासून दोन हात लांबूनच चालायचा.

दुसऱ्या वर्षी मी फुलले. आधी एक, मग पाच, मग मोजायचं सोडून दिलं. थोरली बस पकडून आली. माझ्यासमोर ती उकिडवी बसली, एका फुलाची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि आत बघितलं. मग तिने चष्मा काढला आणि तो ब्लाउजला पुसत राहिली, किती वेळ. “आईच उभी आहे,” एवढंच म्हणाली. शिंपीण तिच्या मागे उभी होती. तिचा चेहरा काय फुलला होता म्हणून सांगू! पन्नास वर्षांत पहिल्यांदा धाकटीच्या हातून काहीतरी धड झालं होतं.

जाताना थोरली म्हणाली, “बी धरू दे. शेंगा वाळल्या की काढ आणि मला पाठव.”

“हो, हो.”

आता या हो-होचं काय झालं ते ऐका. शिंपिणीला लोंबता दोरा दिसला की कापायचा, ही चाळीस वर्षांची सवय. माझं फूल सुकलं की पाकळ्या गळून मागे हिरव्या शेंगा उभ्या राहतात. त्या तिला लोंबत्या दोऱ्यासारख्या वाटायच्या. बागेत आली की कच्, कच्, कच्. बोलता बोलता कापायची, गिऱ्हाइकाशी खिडकीतून गप्पा मारता मारता कापायची. मी मनात ओरडतेय, अगं बाई, ते बी आहे! एके दिवशी ती थांबली, कात्रीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. एकही शेंग उरली नव्हती.

“यंदा बी धरलं नाही गं,” तिने थोरलीला फोनवर सांगितलं. “पहिलंच वर्ष ना.”

ते पहिलं खोटं. मी हसून सोडून दिलं. म्हटलं, ताईच्या बोलण्याला घाबरते बिचारी, पुढच्या वर्षी करेल नीट. आपल्या माणसाचं पहिलं खोटं आपण असंच पोटात घालतो, नाही का?

तिसऱ्या वर्षी एक रोपवाटिकावाली हिची गिऱ्हाईक झाली. तिच्या लेकीचा कोट हिने इतका सुरेख बसवून दिला की बाई खूश होऊन दोन कुंड्या घेऊन आली. एकीत गुलाबी कोलंबाइन, एकीत पिवळी, दोन्ही ऐन फुलावर, मोठ्ठाल्या फुलांच्या, माना वर करून बघणाऱ्या. आमच्यातल्या नव्या तऱ्हा.

“तुमच्याकडे ती जांभळी एकटीच दिसली,” रोपवाटिकावाली म्हणाली. “म्हटलं, तिला सोबत होईल.”

मी वाट बघत होते. आता ही म्हणेल, नको हो, आमच्याकडे दुसरा रंग चालत नाही. शपथ आहे. म्हणायला काय लागतं? तोंड उघडायचं आणि म्हणायचं.

“अय्या, किती गोड!” शिंपीण म्हणाली.

कुंड्या आठवडाभर पायरीवर होत्या. मग तिने त्या कुंड्यांतून काढल्या आणि माझ्या डाव्या-उजव्या हाताला लावल्या, एका हाताच्या अंतरावर. माती दाबताना माझ्याकडे तिने बघितलंच नाही. नवरा म्हणाला, “अगं, ताईंनी दुसरा रंग लावू नको म्हटलं होतं ना?”

“ताईला सगळंच मोठं वाटतं. मधमाश्यांना एवढं एकच घर आहे का जायला?”

मधमाश्यांना एवढंच एक घर होतं. सकाळी ऊन आलं की त्या यायच्या. पिवळीत शिरायच्या, अंगभर पराग माखून माझ्यात यायच्या, माझ्यातून गुलाबीत. एक जाडा भुंगा तर माझ्या फुलामागच्या नळीला भोक पाडून मध चोरायचा, पण तो परवडला, तो निदान उघड चोरी करायचा. मी पाकळ्या मिटू शकत नव्हते. दाराला कडी नसलेल्या घरासारखी मी उभी होते आणि माझा रंग डोळ्यांदेखत पातळ होत होता. माझ्या फुलांतला नाही. माझ्या पोटातला.

त्या वर्षी थोरलीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, ती आली नाही. पण तिचा फोन आला. शिंपिणीचे हात कामात असले की ती फोन खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मोठ्याने लावते, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू आला. थोरलीचा आवाज आनंदाने थरथरत होता. शाळेला नव्या मुख्याध्यापिका आल्या होत्या. त्यांनी सायकलींची जागा मागे हलवली, फाटकाजवळचं सिमेंट फोडलं आणि थोरलीला सांगितलं, तुमच्या आईचा वाफा पुन्हा करा.

“चिमे, पाटी पण लावणार आहेत आईच्या नावाची! जुन्या मुलींना बोलावणार आहेत. यंदा बी धर बाई. आणि आजूबाजूला दुसरं काही लावलं नाहीस ना?”

मशीन थांबली. खिडकीतून तिने खाली बघितलं. मी मध्ये, पिवळी इकडे, गुलाबी तिकडे, तिघी वाऱ्यावर हलत होतो.

“छे गं,” शिंपीण म्हणाली. “काहीतरीच काय!”

माझ्या देठांत गार पाणी चढलं. अजूनही वेळ गेली नव्हती, तुम्हाला सांगते. एवढंच सांगायचं होतं, ताई, चुकले, एक वर्ष थांब. दोन्ही उपटून टाकते, पुढच्या वर्षी स्वच्छ बी देते. थोरली चार दिवस बोलली नसती, पाचव्या दिवशी हसली असती. पण नाही. या वेळी तिने माझ्या शेंगांना कात्री लावली नाही. वाळू दिल्या, कागदावर झटकल्या, दाणे पाकिटात भरले, आणि पाकिटावर सुरेख अक्षरात लिहिलं, ‘आईचा रंग’. ते लिहिताना ती माझ्याकडे पाठ करून बसली होती.

नवऱ्याने पाकीट हातात घेऊन बघितलं. “सांगून टाक ना त्यांना.”

“तुम्ही गप्प बसा. निघतीलसुद्धा जांभळी. काय सांगावं?”

तो गप्प बसला. भला माणूस आहे, पण गप्प बसण्यात पटाईत. पाकीट टपालाच्या पेटीत त्यानेच टाकलं.

शाळेत बी पेरलं, उगवलं. चौथ्या वर्षी तिथे नुसतीच पानं, त्यामुळे कुणालाच काही कळायचं कारण नव्हतं. त्या वर्षी थोरली काठी टेकत इथे येणार होती. ती येण्याच्या महिनाभर आधी, कळ्यासुद्धा आलेल्या नसताना, शिंपिणीने गुलाबी आणि पिवळी उपटली, कुंड्यांत घातली आणि गावाच्या पार दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या न्हाव्याला देऊन टाकली. जागेवर नवी माती पसरली. आतून शिवण उसवून वरून इस्त्री फिरवल्यासारखं सगळं सपाट झालं.

थोरली आली. मी फुलले होते, एकटी आणि जांभळी. ती इतकी खूश झाली की काठी विसरून खाली बसली. “बघ, कशी राखलीस! मी तुला धांदरट म्हणायचे ना, शब्द मागे घेते.”

शिंपीण हसली. ते हसू मी खालून बघितलं. असं हसू मला कुणाच्या तोंडावर पुन्हा दिसू नये.

पण मला एक आशा होती, आणि ती वेडी नव्हती. त्या वर्षी माझ्या शेजारी कुणी नव्हतं. म्हणजे माझं बी स्वच्छ होतं. शंभर टक्के आईच्या रंगाचं! ते बी थोरलीला दिलं असतं, तर शाळेतला वाफा बिघडला तरी पुन्हा करता आला असता. सगळं सुधारता आलं असतं. शेंगा भरत होत्या, मला जड होत होत्या, आणि मी दिवस मोजत होते.

एका दुपारी शिंपीण कात्री घेऊन आली. या वेळी ती कुणाशी बोलत नव्हती. हात सवयीने चालत नव्हता, एकेक शेंग बघून, विचार करून कापत होती. खिडकीतून नवऱ्याने विचारलं, “अगं, हे बी चांगलं असेल ना? दे की ताईंना.”

“आणि काय सांगू? पहिलं दिलंय ना, मग दुसरं कशाला, असं ती विचारेल ना!” आणि कच्. “बी धरून झाड लवकर म्हातारं होतं,” हे त्याच्यापेक्षा मला ऐकवल्यासारखं म्हणाली.

तेव्हा मला कळलं, की या बाईला आईचा रंग जपायचा नाहीये. तिला स्वतःचं तोंड जपायचंय. केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते माझ्या बाबतीत शिवणकामाच्या कात्रीने झालं.

यंदाचं माझं पाचवं वर्ष. आमच्या जातीला आयुष्य फार नसतं. खोड लाकडासारखं झालंय, पानांवर अळीने पांढऱ्या रेघोट्या ओढल्यात. तरी मी कळ्या काढल्या. अकरा. हिरव्या, मिटलेल्या, रंग अजून बाहेर न पडलेल्या.

तीन दिवसांपूर्वी थोरली आली, न सांगता. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली फुलं. तिने ती शिवणाच्या टेबलावर एकेक करून मांडली. खिडकी उघडी होती, मला ती फुलं दिसली. एक फिकट गुलाबी. एक मळकट पिवळं. एक धड कुठल्याच रंगाचं नाही, धुवून विटलेल्या कापडासारखं. ही माझी मुलं. पहिल्यांदाच बघितली मी त्यांना. वाईट नव्हती हो दिसायला! फक्त ज्यासाठी त्यांना बोलावलं होतं, ते त्यांच्याकडे नव्हतं.

“पाटी लावली,” थोरली म्हणाली. आवाज शांत होता, त्याचीच भीती वाटली. “पंधरा-वीस जुन्या मुली आल्या होत्या. आता आज्ज्या झाल्यात सगळ्या. एक वाफ्यापाशी गेली, बघितलं, आणि मला विचारते, बाईंचं फूल जांभळं होतं ना? हे कुणाचं? मी काय सांगणार होते, चिमे? असं कसं झालं?”

शिंपिणीच्या हातात टाचण्यांची डबी होती. ती उघडत होती, मिटत होती. मला वाटलं, आता. आता तरी.

“झाडच तसलं आहे,” ती म्हणाली. “या जातीचा भरवसाच नसतो, ताई. वरून जांभळी आणि आतून भलतीच. मी काय करणार? मी शेजारी काही लावलं नव्हतं. तिनेच दगा दिला.”

तिनेच. म्हणजे मी.

मी! पाच वर्षं या खिडकीखाली उभी राहून, पहिल्या फुलापासून शेवटच्या फुलापर्यंत एक छटा इकडची तिकडे न होऊ देणारी मी! सगळं खापर माझ्या डोक्यावर फोडताना तिचा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. नवरा दारात उभा होता. तोही हातातला किल्ल्यांचा जुडगा नुसता चाळवत राहिला.

थोरली खिडकीशी आली आणि माझ्याकडे बघत राहिली. “झाड रंग बदलत नाही,” ती हळूच म्हणाली. “ही कधी उमलेल?”

“येतील दोन-तीन दिवसांत फुलं. का?”

“मग राहते मी तोवर. हिचा रंग बघूनच जाईन. ही जांभळी निघाली, तर बी बिघडलं कशाने, ते शोधावं लागेल.”

शोधावं लागेल, हा शब्द शिंपिणीच्या तोंडावर बसलेला मी बघितला. त्या दिवशी तिने शिवायला घेतलेली बाही उलटी जोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली आंघोळीला गेली. आत पाण्याचा आवाज सुरू झाला आणि मागच्या दाराने, घराला वळसा घालून शिंपीण आली. हातात खुरपं. तिने मला दोन्ही हातांनी धरलं, त्याच हातांनी, आणि खुरपं मुळाशी घातलं. माझं मूळ पाच वर्षं खाली गेलेलं, ते सहजासहजी येईना. तिने जोर केला. आत काहीतरी तुटलं. तुम्हाला वाटत असेल झाडाला काय कळतं. कळतं.

थोरली टॉवेल गुंडाळलेल्या केसांनी बाहेर आली तेव्हा मी पालापाचोळ्याच्या ढिगावर होते.

“अगं, हे काय केलंस?”

“संताप आला मला,” शिंपीण म्हणाली, आणि रडली. खरं रडली, हेच तर वाईट. “आईच्या नावाला बट्टा लावला हिने. मला बघायचीच नव्हती ती.”

“फुलू तरी द्यायचं होतंस!”

“गुलाबीच आली असती. मागच्या वर्षी तू गेल्यावरच कडा फिकट पडल्या होत्या, तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.”

थोरलीने तिच्याकडे किती तरी वेळ बघितलं. मग पिशवी भरली आणि दुपारच्या बसने गेली. टेबलावरची फुलं तिथेच राहिली.

ढिगावर बटाट्याच्या साली, चहाचा चोथा, कापडाच्या चिंध्या आणि मी. दहा कळ्या माना टाकून पडल्या. एक मात्र जिद्दीची निघाली. खोडात होतं नव्हतं तेवढं पाणी मी तिला दिलं, आणि आज सकाळी ती उमलली. गर्द जांभळी. आत पांढरी कड, जराही इकडेतिकडे नाही. आईचा रंग.

थोड्या वेळाने शिंपीण सालींचं ताट घेऊन आली. ताट उपडं करणार, तोच तिला दिसलं. ताट तसंच खाली ठेवून ती मटकन बसली. फुलाची हनुवटी तिने दोन बोटांनी वर केली.

“तुझं काही चुकलं नाही गं,” ती म्हणाली. “सगळं माझंच. मीच लावल्या त्या दोघी, मीच खोटं बोलले. जन्मभर धांदरट, धांदरट ऐकलं. तुझ्यामुळे पहिल्यांदा ताई माझ्याकडे वर मान करून बघत होती. ते जायला नको होतं मला. म्हणून बोलत गेले, बोलत गेले.”

डोळ्यांतलं पाणी माझ्या पानावर पडत होतं. आणि मी वेडी, मी विरघळले. मला ती पालथी पडून माझी वाट बघणारी बाई आठवली. मी म्हटलं, जाऊ दे. मला नको सांगूस, मला माहीतच आहे. फक्त तिला सांग. हे फूल खुडून पहिल्या बसने ने आणि तिच्या टेबलावर ठेव. मी तुला केव्हाच माफ केलं.

तेवढ्यात तिच्या एप्रनच्या खिशात फोन वाजला. तिने डोळे पुसले. “बोल ताई.”

मी कान टवकारले.

“चिमे, माझं काही चुकलं असेल तर विसर,” थोरली म्हणत होती. “मुख्याध्यापिका विचारत होत्या, जुन्या बियांचा एखादा दाणा मिळाला तरी पुन्हा पेरू म्हणून. आहे का गं कुठे?”

“नाही गं ताई. काहीच नाही.”

“बरं. आणि ऐक. उपटलेल्या झाडाचीसुद्धा एखादी कळी कधीकधी उमलते. तुझ्याकडे त्या ढिगावर उमलली का एखादी? मनाला चुटपुट लागून राहिलीये बघ. कुठला रंग आहे?”

शिंपिणीने माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, डोळ्यांत डोळे घालून. माझी हनुवटी अजून तिच्या बोटांत होती.

“उमलली ना,” ती म्हणाली. “गुलाबी आहे.”

मग तिने ताट उचललं, साली माझ्या पायांवर ओतल्या आणि आत गेली. आता मशीन सुरू आहे.

मला परत लावा असं मी म्हणत नाही, माझं मूळ तुटलंय. या एका फुलात बी धरायचं बळ नाही, म्हणजे तो रंग इथेच संपला. पण पाकळ्या अजून दोन दिवस टिकतील. तेवढ्यात तुमच्यापैकी कुणी त्या शाळेच्या बाजूला जाणार असेल, तर फाटकापाशी काठी टेकून उभी असलेली एक निवृत्त बाई दिसेल. तिला एवढंच सांगा, की तुमच्या बहिणीच्या घरामागे ढिगावर मी पडले आहे, आणि मी जांभळी आहे.